सक्तीचा वैद्य आणि भ्यालेला दादा : एका विनोदी रचनाबंधाचा विचार

विनोदी वाङ्मयात वैद्याचे पात्र फार जुने आहे. ‘भगवदज्जुकीयम्’ या संस्कृत प्रहसनातील विषवैद्यापासून आधुनिक चित्रपटातील मनोविकारतज्ज्ञापर्यंत त्याची परंपरा दाखविता येते. या परंपरेतील बहुतेक वैद्य अज्ञानामुळे, लोभामुळे किंवा पांडित्याच्या पोकळ प्रदर्शनामुळे हास्यास्पद ठरतात. त्यांच्यात एक वैद्य मात्र वेगळा आहे. त्याला उपचार करण्याची इच्छा नसते. त्याला उपचारासाठी धरून आणलेले असते. त्याचा रोगी जर समाजाला धाक घालणारा गुन्हेगार असेल, तर या प्रसंगातून एक स्वतंत्र रचनाबंध तयार होतो. हॅरॉल्ड रॅमिस यांनी दिग्दर्शित केलेला ‘ॲनालाइझ धिस’ (१९९९) हा अमेरिकन चित्रपट या रचनाबंधाचे ठळक उदाहरण होय. ‘हम किसीसे कम नहीं’ (२००२) या हिंदी चित्रपटात डेव्हिड धवन यांनी त्याला भारतीय रूप दिले. मराठीचा विचार करता या रचनाबंधाची दोन्ही अंगे आपल्या परंपरेत पूर्वीपासून वेगवेगळी नांदत आलेली दिसतात. सक्तीने वैद्य झालेला माणूस मराठी रंगभूमीने एकोणिसाव्या शतकातच पाहिला. आणि भय निर्माण करणाऱ्या खलपुरुषाला हास्यविषय करण्याची रीत कोकणच्या लोकनाट्यात रुजलेली आहे. या दोहोंच्या आधारे प्रस्तुत रचनाबंधातील विनोद नेमका कशातून निर्माण होतो, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

१. सक्तीचा वैद्य

मोलिएरने १६६६ मध्ये रंगभूमीवर आणलेले ‘ल मेदसँ मालग्रे ल्वी’ हे प्रहसन हरि नारायण आपटे यांनी ‘मारून मुटकून वैद्यबुवा’ या नावाने मराठीत आणले. मराठी सामाजिक कादंबरीचा पाया घालणाऱ्या लेखकाला मोलिएरच्या प्रहसनांचे आकर्षण वाटावे, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. आपट्यांनी दिलेले नावही मार्मिक आहे. ‘मारून मुटकून’ या शब्दप्रयोगात बळजबरी आणि तिची निष्फळता या दोन्ही छटा आहेत. अशा रीतीने घडविलेली वस्तू खऱ्या अर्थाने घडत नाही, हे मराठी भाषकाला सांगावे लागत नाही.

मूळ प्रहसनाची मांडणी थोडक्यात अशी आहे. स्गानारेल हा लाकूडतोड्या बायकोला मारतो. तिला सूड उगवायचा असतो. जेरोंत या श्रीमंत गृहस्थाची मुलगी लुसँद एकाएकी मुकी झाली आहे, आणि त्याचे नोकर वैद्याच्या शोधात आहेत. बायको त्यांना सांगते, की आपला नवरा मोठा वैद्य आहे, परंतु चोप दिल्याखेरीज तो ते कबूल करीत नाही. नोकर त्याला चोपतात आणि तो वैद्य होतो. पुढे उघड होते, की लुसँद मुकी नाहीच. बापाने तिच्या मनाविरुद्ध लग्न ठरविल्यामुळे तिने मौन धारण केले आहे.

प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने यातील कळीचा दुवा सहज नजरेतून सुटतो. प्रहसनात सक्ती दोन ठिकाणी आहे. वैद्यावरची सक्ती उघड आहे, कारण ती काठीने केलेली आहे. मुलीवरची सक्ती झाकलेली आहे, कारण ती पितृप्रेमाच्या आणि कौटुंबिक हिताच्या भाषेत केलेली आहे. पहिली सक्ती प्रेक्षकाला हसविते, आणि हसता हसता दुसरीकडे पाहण्याची दृष्टी देते. जो आजार आहे असे सर्वांना वाटते, तो वस्तुतः दडपणाला दिलेला प्रतिसाद आहे. म्हणून ज्याला शास्त्राचा गंधही नाही असा वैद्यदेखील मुलीच्या प्रियकराला औषधे देणाऱ्याच्या वेशात घरात आणून ‘उपचार’ घडवू शकतो. दडपण हटताच वाचा परत येते. विनोदाच्या आवरणाखाली रोग आणि सत्ता यांचा संबंध येथे सूचित झालेला आहे. पुढील काळात हा वैद्य मनाचा वैद्य झाला आणि रोगी स्वतःच सत्ताधारी झाला, तेव्हा हाच संबंध अधिक गुंतागुंतीचा बनला.

२. भ्यालेला दादा

‘ॲनालाइझ धिस’मधील पॉल विटी (रॉबर्ट डी नीरो) हा न्यूयॉर्कमधील गुन्हेगारी टोळीचा प्रमुख आहे. त्याला अकारण घाम फुटतो, छाती दाटते, श्वास कोंडतो, रडू येते. हा हृदयविकार असावा अशी त्याची समजूत असते. रुग्णालयातील डॉक्टर त्याला हा भयाचा झटका असल्याचे सांगतो आणि त्याबद्दल मार खातो. हा लहानसा प्रसंग संपूर्ण चित्रपटाचा पेच स्पष्ट करतो. ज्याच्या सत्तेचा आधारच इतरांचे भय आहे, त्याला स्वतःच्या भयाचे नाव ऐकणे परवडत नाही. निदान करणारा येथे माहिती देत नाही; रोग्याच्या दृष्टीने तो बंड करतो.

बेन सोबेल (बिली क्रिस्टल) या मनोविकारतज्ज्ञाची या रोग्याशी गाठ एका किरकोळ मोटार-अपघातामुळे पडते. त्याला हा रोगी नको असतो. पण नको म्हणण्याचे स्वातंत्र्य त्याला उरत नाही. मानसोपचाराच्या व्यवहाराची काही गृहीतके आहेत : ठरलेली वेळ, ठरलेली जागा, ठरावीक अंतर, गुप्तता आणि उभयपक्षी संमती. विटी यांतील एकेक गृहीतक मोडतो. तो अपरात्री बोलावणे पाठवितो. सोबेलच्या लग्नसमारंभातही त्याच्या जगाचा शिरकाव होतो. बरे होण्याची मुदतही तो स्वतःच ठरवितो. पोलिसी यंत्रणाही मागे राहत नाही. विटीचे बोलणे गुप्तपणे ध्वनिमुद्रित करण्यासाठी ती सोबेलवर दबाव आणते. गुन्हेगार आणि शासन या दोन्ही सत्ता वैद्याला आपले हत्यार करू पाहतात. बोलण्याच्या ओघात विटी वडिलांच्या हत्येच्या आठवणीशी येऊन पोहोचतो, तेव्हा सोबेल अंगावरचे यंत्र काढून टाकतो. नाखुशीने वैद्य झालेला माणूस खऱ्या अर्थाने वैद्य होतो तो या क्षणी. धाकामुळे त्याने पत्करलेले काम येथे प्रथमच त्याचा स्वतःचा निर्णय ठरते.

याच चित्रपटातील उशीचा प्रसंग विनोदाच्या रचनेच्या दृष्टीने अभ्यसनीय आहे. राग अनावर झाला की आपण उशी बडवतो, असे सोबेल सांगतो. विटी तत्काळ पिस्तूल काढून उशीवर गोळ्या झाडतो. वैद्याने सांगितलेली कृती प्रतीकात्मक आहे. रोगी तिचा आशय स्वीकारतो, पण साधन मात्र आपल्या जगातले वापरतो. बेर्गसाँने ‘हास्य’ (१९००) या ग्रंथात सजीवावर यांत्रिकतेचा थर चढल्याने हास्य निर्माण होते, असे प्रतिपादन केले आहे. विटीची हिंसा ही अशीच एक यांत्रिक सवय झालेली आहे. ती उपचारातही आपोआप उफाळून येते. त्याच वेळी हा प्रसंग करुणही आहे. या माणसाजवळ राग व्यक्त करण्याची दुसरी भाषाच नाही. मानसोपचार म्हणजे अशी दुसरी भाषा शिकणे होय, आणि ती शिकणारा विद्यार्थी प्रत्येक धड्यात जुनीच भाषा बोलून जातो.

३. रौद्राची दोन वळणे

योगायोगाने ज्या वर्षी हा चित्रपट आला, त्याच वर्षी, म्हणजे १९९९ मध्ये, महेश मांजरेकर यांचा ‘वास्तव’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. त्यातील कुटुंब मुंबईच्या चाळीतील मराठी कुटुंब आहे. पावभाजीच्या गाडीवरील भांडणातून झालेल्या खुनामुळे रघू गुन्हेगारीत ओढला जातो, मोठा होतो आणि अखेरीस सर्वांनी टाकलेला, भयाने पछाडलेला माणूस म्हणून आईपुढे येतो. त्याचे भयही शारीरिक पातळीवर प्रकट होते. परंतु त्याचे ऐकून घेणारा कोणी वैद्य या जगात नाही. ते काम आईवर येते, आणि तिच्याजवळ उपाय एकच उरतो : ती त्याला गोळी घालते.

भरताने रौद्रापासून करुणाची आणि शृंगारापासून हास्याची उत्पत्ती सांगितली आहे. ‘वास्तव’ भरताने दाखविलेल्या पहिल्या मार्गाने जातो. अभिनवगुप्ताने मात्र हास्याचे क्षेत्र विस्तृत केले; अनुचित ठिकाणी योजलेला कोणताही रस आभासरूप होऊन हास्याला कारण होऊ शकतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. ‘ॲनालाइझ धिस’मधील रौद्र असाच आभासरूप झालेला आहे. क्रोध आहे, शस्त्र आहे, दरारा आहे. पण या सर्वांच्या मध्यभागी जाहिरात पाहूनही डोळ्यांत पाणी येणारा माणूस बसलेला आहे. दोन्ही चित्रपटांतील नायकांचा मनोव्यापार फारसा भिन्न नाही. एकाचे पर्यवसान करुणात आणि दुसऱ्याचे हास्यात होते, कारण दुसऱ्याला नाखुशीने का होईना, एक श्रोता मिळालेला आहे. हा फरक केवळ कथानकाचा नव्हे. गुन्हेगाराच्या भयाला ऐकून घेण्याची जागा समाजात कोठे आहे, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकातील गिरणगावच्या घरातही गुन्हेगारीकडे वळलेला मुलगा आहे आणि त्याची आई आहे. तेथेही आईचे मन हाच अखेरचा आसरा आहे. त्याच्या पलीकडे कोणतीही संस्था दिसत नाही.

‘हम किसीसे कम नहीं’मध्ये वैद्य आहे, पण त्याच्या भूमिकेत महत्त्वाचा बदल झालेला आहे. अमिताभ बच्चन यांनी रंगविलेला डॉ. रस्तोगी हा मनोविकारतज्ज्ञ मुन्नाभाईला प्रेमात पडण्याचा सल्ला देतो, आणि मुन्नाभाई नेमका त्याच्याच बहिणीच्या प्रेमात पडतो. त्यामुळे वैद्याची अडचण व्यावसायिक नीतीची राहत नाही, ती घरची होते. रोगी आणि वैद्य यांच्यात शास्त्राने राखलेले अंतर नात्याच्या गुंत्यात विरून जाते. भारतीय लोकप्रिय कथेला कुटुंबाबाहेरचा श्रोता कल्पिणे किती अवघड जाते, याचे हे निदर्शक मानता येईल. राजकुमार हिरानी यांच्या ‘मुन्नाभाई एम.बी.बी.एस.’ (२००३) या चित्रपटाने हे अंतर वेगळ्या रीतीने पुसले. तेथे गुंडच वैद्यकाचा विद्यार्थी होतो आणि रोग्याला स्पर्श करण्याचे, त्याच्याशी बोलण्याचे महत्त्व डॉक्टरांना शिकवितो.

४. रत्नागिरीचा संदर्भ

या प्रश्नाकडे मराठी प्रदेशातील एखाद्या विशिष्ट स्थळावरून पाहिले, तर त्याची सामाजिक बाजू अधिक स्पष्ट होते. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या किनारी रस्त्यावर आरे-वारे ही जोडगावे लागतात. त्यांच्या दक्षिणेस असलेल्या रत्नागिरी शहरात १८८६ मध्ये मनोरुग्णालय स्थापन झाले. ठाणे, येरवडा आणि नागपूर येथील रुग्णालयांप्रमाणे ते आज राज्याच्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आहे. दुसरीकडे, रत्नागिरी जिल्ह्याच्या गावांतून शिमग्याच्या दिवसांत पालखीबरोबर नमन-खेळे होतात आणि त्यांत संकासूर नाचतो. वसाहतकाळात आलेली संस्था आणि गावाची विधिनाट्याची परंपरा, अशा मनाच्या भयाशी व्यवहार करणाऱ्या दोन व्यवस्था या पट्ट्यात शेजारी शेजारी आहेत.

यांपैकी पहिल्या व्यवस्थेचा पाया कायद्याने घातला तो सक्तीवर. १८५८ आणि १९१२ च्या कायद्यांच्या भाषेत वेडसर माणूस हा प्रामुख्याने ताब्यात घेण्याचा विषय होता. त्याला नातेवाईक, पोलीस किंवा दंडाधिकारी यांच्यामार्फत आत पाठविले जाई. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने परिभाषा बदलली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रोग्याचे अधिकार, त्याची संमती आणि उपचाराविषयी आगाऊ इच्छा नोंदविण्याची त्याची मुभा यांना मध्यवर्ती स्थान दिले. म्हणजे संमतीचा विचार केंद्रस्थानी येण्यास रत्नागिरीच्या रुग्णालयाच्या स्थापनेनंतर सव्वाशेहून अधिक वर्षे जावी लागली. मधल्या काळात ‘ठाण्याला पाठवा’, ‘येरवड्याला न्या’ असे शब्दप्रयोग मराठी बोलीत थट्टेचे म्हणून रूढ झाले. या थट्टेत हसणारा नेहमी बाहेर असतो आणि ज्याला हसले जाते, त्याला आत नेले जाते.

सक्तीच्या वैद्याची विनोदिका ही थट्टा उलटी करते. वास्तवात रोग्याला बळाने वैद्याकडे नेले जाते. येथे वैद्याला बळाने रोग्याकडे आणले जाते. वास्तवात रोग्याच्या ‘नाही’ला किंमत नसते, येथे वैद्याच्या ‘नाही’ला किंमत नसते. अपरात्री दारावर पडणारी थाप, दोन्ही बाजूंना उभी असलेली माणसे, मोटारीत बसविले जाणे, ‘हे तुमच्या भल्यासाठीच आहे’ असा सूर, हे सारे तपशील मनोरुग्णाच्या अनुभवातले आहेत. विनोदिकेत ते डॉक्टरच्या वाट्याला येतात. प्रेक्षक हसतो तो या अदलाबदलीला. सुशिक्षित, सुरक्षित, निदान करण्याचा अधिकार असलेला माणूस क्षणभर निदानाखालच्या माणसाच्या जागी उभा राहतो. या विनोदाचे मूल्य येथेच आहे. तो मनोविकाराला हसत नाही. मनोविकारावर बळ चालविण्याच्या कल्पनेला हसतो.

दुसरी व्यवस्था संकासुराची. वेद पळविणाऱ्या शंखासुराची ही लोकरूपातील आवृत्ती. सिंधुदुर्गाकडील दशावतारात तो आरंभीच्या आडदशावतारात येतो, मालवणीत थट्टामस्करी करतो आणि विष्णूच्या हातून मारला जातो. रत्नागिरीच्या खेळ्यांत तो काळ्या वेशात, उंच टोकदार टोपी घालून आणि कमरेला घुंगरू बांधून नाचतो. गोमूच्या सोबतीने येतो. मुलांना भिवविताना हसवितोही. विशेष म्हणजे अनेक गावांत लोक त्याला नवस बोलतात. पुराणातील चोर आणि असुर येथे भयाचा, हास्याचा आणि श्रद्धेचा विषय एकाच वेळी होतो. गावाला ज्याचे भय वाटावे, त्याला गाव वर्षातून एकदा अंगणात बोलाविते, नाचविते, त्याच्यापुढे गाऱ्हाणे मांडते आणि निरोप देते. मानसोपचाराच्या परिभाषेत याचे रूपांतर करण्याचा मोह टाळावा. विधीचे प्रयोजन विधीतच शोधले पाहिजे. तथापि, खलपुरुषाला हसणे म्हणजे त्याला क्षुल्लक ठरविणे नव्हे, त्याच्या भीतीला सर्वांसमक्ष जागा करून देणे होय, ही जाण या परंपरेत आहे, एवढे निश्चित म्हणता येते.

५. संबोधनाचा पेच

हा रचनाबंध मराठीत उतरविताना भाषेच्या अंगाने एक मोठी शक्यता उपलब्ध होते. मराठीत धाक घालणाऱ्या माणसाला आपण नात्याच्या शब्दांनी संबोधतो. ‘दादा’ आणि ‘भाई’ हे दोन्ही शब्द मुळात भावाचे. भयाला आपुलकीचा मुलामा देण्याची ही रीत भाषेतच मुरलेली आहे. वैद्याच्या नावापुढे येणारे ‘बुवा’ आदर दाखविते, पण त्यात किंचित उपहासही मिसळलेला असतो. अशा दोन व्यक्ती समोरासमोर बसल्या, म्हणजे ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांची निवड हाच सत्तेचा खेळ होतो. दादा डॉक्टरला ‘तू’ म्हणेल आणि डॉक्टर त्याला ‘तुम्ही’. उपचार पुढे सरकेल तसा दादा ‘डॉक्टर, तुम्ही’वर येईल, आणि लहानपणच्या आठवणीपाशी पोहोचल्यावर डॉक्टरच्या तोंडून कदाचित ‘तेव्हा तू किती वर्षांचा होतास?’ असा प्रश्न निघेल. त्या एका ‘तू’मध्ये धाक संपल्याची खूण असेल. इंग्रजी संवादाला हे साधन उपलब्ध नाही. तेथे तो बदल आवाजाच्या चढउतारातून दाखवावा लागतो.

असे असूनही मराठी रंगभूमीवरील मनोविकाराचा विचार प्रामुख्याने गंभीर वळणाने गेला, याची कारणेही शोधता येतात. वसंत कानेटकर यांच्या ‘वेड्याचं घर उन्हात’ (१९५७) या नाटकापासून मनोविश्लेषणाचा वापर कुटुंबाच्या अंतर्गत शोकांतिकेचा उलगडा करण्यासाठी होत आला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ (२००४) या चित्रपटात छिन्नमनस्कतेचे चित्रण कोकणच्या निसर्गाच्या पार्श्वभूमीवर सहानुभूतीने झाले. डॉ. आनंद नाडकर्णी हे तर स्वतः मनोविकारतज्ज्ञ आणि नाटककार. १९९० मध्ये त्यांनी ठाण्यात इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था स्थापन केली. मनोविकाराविषयीचा गैरसमज दूर करणे हे या काळातील प्रयत्नांचे निकडीचे काम होते. जेथे रोग्याला हसण्याची सवय समाजाला जडलेली आहे, तेथे प्रथम हसू थांबविणे आवश्यक असते. त्यामुळे गांभीर्य ही मराठी लेखकांची उणीव नव्हती; ती त्या टप्प्याची गरज होती.

परंतु हसू थांबविणे हा शेवटचा टप्पा होऊ शकत नाही. फ्रॉइडने विनोदाविषयीच्या १९०५ च्या ग्रंथात दाखविले, की दडपलेल्या प्रेरणांना विनोद वाट करून देतो आणि दडपण्यासाठी खर्च होणारी शक्ती हास्यरूपाने मोकळी होते. दादा आणि वैद्य यांच्या भेटीत दोघांचीही अशी शक्ती अडकून पडलेली असते. दादा भय लपवीत असतो. वैद्यही सर्वज्ञपणाच्या आवरणाखाली स्वतःची असुरक्षितता लपवीत असतो. सोबेलला प्रख्यात मनोविकारतज्ज्ञ असलेल्या वडिलांच्या छायेत वावरावे लागते, ही योजना म्हणूनच सहेतुक वाटते. दोघेही पुत्र आहेत, आणि दोघेही पित्याच्या सावलीत अडकलेले आहेत. उपचाराच्या ओघात हे साम्य उघड होते आणि विषम वाटणारी जोडी समपातळीवर येते.

लुसँदची वाचा परत येते ती सक्ती उठल्यावर. विटीचे भय ओसरते ते त्याने सत्तेचा हट्ट सोडल्यावर. आणि सोबेल वैद्य होतो तो कोणाच्याही दबावाशिवाय ऐकून घेण्याचे ठरविल्यावर. तिन्ही ठिकाणी बरे होण्याची अट एकच आहे. ‘मारून मुटकून वैद्यबुवा’ या शीर्षकाने ती मराठी वाचकाला शतकापूर्वीच सुचविली होती : बळाने वैद्य घडत नाही, आणि बळाने रोगीही बरा होत नाही. आपट्यांचे वैद्यबुवा आणि खेळ्यांतील संकासूर यांची भेट घडवून आणणारे मराठी प्रहसन लिहिले जाईल, तेव्हा त्याला परक्या रचनेची नक्कल करण्याची गरज भासणार नाही. त्याची पात्रे, त्याची बोली आणि त्याचा नैतिक प्रश्न हे तिन्ही येथेच उपलब्ध आहेत.